फ्लॅटमधलं मांजर कंटाळलंय का? घरातल्या घरात मांजराला आनंदी ठेवण्याचे सोपे उपाय

रात्री दोन वाजता हॉलपासून बेडरूमपर्यंत सुसाट धावणारं मांजर. टेबलावरचा पेला तुमच्या डोळ्यांत बघत हळूच खाली ढकलणारं मांजर. पांघरुणाखाली पाय हलला की त्यावर झडप घालणारं मांजर. असे रील्स आपण रोज बघतो, हसतो आणि मित्रांना पाठवतो.

पण हेच मांजर आपल्या घरात असेल आणि हे रोजचं झालं असेल, तर ते काहीतरी सांगत असतं. बहुतेक वेळा ते एवढंच असतं, की त्याला दिवसभर करायला काही नाही.

वाड्यात, चाळीत किंवा गावाकडच्या घरात मांजर अर्धं घरातलं आणि अर्धं बाहेरचं असायचं. धान्याच्या पोत्यांभोवती उंदीर होते, चढायला कौलं होती, फिरायला परसदार होतं. जेवायला घरी यायचं आणि बाकीचा दिवस स्वतःचा, असा त्याचा कारभार. फ्लॅटमध्ये दार बंद, खिडकीला जाळी आणि वाटीत तयार खाणं. मांजर सुरक्षित झालं, पण त्याची नोकरी गेली. ती नोकरी त्याला घरातल्या घरात परत कशी द्यायची, ते या लेखात पाहू. त्यासाठी मोठं घर लागत नाही आणि फार खर्चही येत नाही.

मांजराला घरातच ठेवणं बरोबर आहे का?

शहरात तरी हो. रस्त्यावरच्या गाड्या, कुत्री, बोक्यांच्या मारामाऱ्या आणि त्यातून पसरणारे आजार, उंदीर मारायचं विष, या सगळ्यापासून घरातलं मांजर वाचतं. पक्षी, खारी, सरडे मांजरापासून वाचतात तो फायदा वेगळाच.

उंच इमारतीत मात्र एक धोका घरातच असतो. मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं आणि त्याला काही होत नाही, असा अनेकांचा समज आहे. न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमधल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती प्रसिद्ध केली. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के मांजरं वाचली, हे खरं. पण छातीला मार लागणं, जबडा आणि टाळू फुटणं, पाय मोडणं अशा दुखापती त्यांत भरपूर होत्या. शिवाय जागीच मेलेली मांजरं दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे हा आकडा जरा जपूनच वाचावा.

म्हणून मांजर आणण्याआधी पहिलं काम म्हणजे खिडक्या आणि गॅलरी बंद करणं. कबुतरांसाठी लावलेली पातळ नायलॉनची जाळी मांजर नखांनी आणि दातांनी फाडू शकतं. तारेची किंवा चांगली जाड जाळी घट्ट बसवून घ्या. उभ्या तारांचं ग्रिल असेल, तर दोन तारांमधून मांजराचं डोकं जातं का ते तपासा. डोकं गेलं की बहुधा अंगही जातं. पिल्लू तर हमखास निसटतं.

मांजराला कंटाळा येतो म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या घरातलं मांजर हे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या रानमांजराचं वंशज आहे. शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. एवढा जुना सहवास असूनही मांजराचं शरीर आणि स्वभाव शिकाऱ्याचाच राहिला आहे.

मांजर एकट्याने शिकार करतं आणि छोटी शिकार करतं. एका उंदरात त्याचं पोट भरत नाही, त्यामुळे मोकळं मांजर दिवसभरात अनेकदा शिकारीला निघतं आणि त्यातले बरेच प्रयत्न फसतात. टक लावून बघणं, दबा धरणं, पाठलाग, झडप, चावा, खाणं, मग अंग चाटणं आणि झोप. हा क्रम दिवसातून कितीतरी वेळा होतो. पहाट आणि संध्याकाळ या त्याच्या सर्वांत जाग्या वेळा.

आता फ्लॅटमधला दिवस बघा. वाटी सकाळीच भरलेली. खाणं दोन मिनिटांत संपतं. बघणं, दबा धरणं, पाठलाग, झडप यांतलं काहीच घडत नाही. पोट भरतं, पण शिकारीची ऊर्जा तशीच उरते. मग ती तुमच्या घोट्यांवर, पडद्यांवर, सोफ्यावर किंवा दुसऱ्या मांजरावर निघते.

कंटाळलेलं मांजर ओळखायचं कसं?

खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी बरेच दिवस दिसत असतील, तर लक्ष द्या:

• येता-जाता हातापायांवर हल्ला करणं
• रात्री किंवा पहाटे सतत ओरडून उठवणं
• वाटीभोवतीच घुटमळणं, भूक नसताना खाणं, वजन वाढणं
• पोट किंवा पायांची आतली बाजू चाटून चाटून केस घालवणं
• दिवसभर एकाच कोपऱ्यात पडून राहणं, खेळणं समोर आलं तरी न हलणं
• ट्रे सोडून गादीवर, कपड्यांवर किंवा सोफ्यावर लघवी करणं

शेवटच्या दोन गोष्टींकडे बऱ्याचदा चुकीच्या नजरेने बघितलं जातं. पडून राहणारं मांजर ‘किती शांत आहे’ म्हणून कौतुकाचं होतं आणि गादी ओली करणारं ‘मुद्दाम करतं’ म्हणून मार खातं. मांजर सूड म्हणून लघवी करत नाही. त्याला एक तर दुखत असतं, ट्रे आवडत नसतो किंवा ताण असतो.

ताण आणि लघवीचा संबंध डॉक्टरांनी नीट तपासला आहे. काही मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते, पण जंतू किंवा खडा काहीच सापडत नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी असा त्रास असलेल्या ४६ घरगुती मांजरांच्या मालकांना घरातलं वातावरण बदलायला सांगितलं. चढायला जागा, लपायला जागा, खेळ, माणसांचा वेळ आणि ट्रेची नीट सोय, असे ते बदल होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मूत्राशयाचा त्रास तर कमी झालाच, शिवाय मांजरांची भीती आणि बेचैनीही कमी झाली. म्हणजे मांजराचं मनोरंजन हा निव्वळ लाडाचा भाग नाही. त्याच्या तब्येतीशी त्याचा थेट संबंध आहे.

आनंदी मांजराच्या पाच गरजा

मांजरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१३ मध्ये घरातल्या मांजरासाठी पाच मूलभूत गरजा सांगितल्या. सुरक्षित जागा. खाणं, पाणी, ट्रे, झोप यांच्या वेगवेगळ्या आणि पुरेशा सोयी. खेळ आणि शिकारीची संधी. माणसांशी चांगलं आणि भरवशाचं नातं. आणि मांजराच्या नाकाचा मान राखणारं घर. आपल्या घरात हे सगळं कसं बसवायचं, ते एकेक करून पाहू.

१. खेळ: शिकार पूर्ण होऊ द्या

मांजरासमोर प्लास्टिकचा उंदीर टाकून दिला की खेळ झाला, असं होत नाही. न हलणारा उंदीर मांजराच्या दृष्टीने मेलेला असतो. तो हलवायला माणूस लागतो.

सर्वांत चांगलं खेळणं म्हणजे काठी, तिला दोरी आणि दोरीच्या टोकाला पीस किंवा चिंधी. हे घरीही बनवता येतं. दोरी मांजराच्या तोंडावर नाचवू नका, कारण खरी शिकार कधी शिकाऱ्याच्या अंगावर येत नाही. ती लांब पळते, सोफ्याआड लपते, थांबते, परत हलते. तसंच करा. मांजर दबा धरून बसलं, मागचा भाग हलवू लागलं, की समजा खेळ रंगला.

मधूनमधून त्याला शिकार पकडू द्या. शेवटी हालचाल मंद करा, एक शेवटची झडप घालू द्या आणि लगेच थोडं खायला द्या. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा क्रम पूर्ण झाला की मांजर शांत होतं. लेझरचा लाल ठिपका मात्र कधीच हातात येत नाही, त्यामुळे काही मांजरं त्याने उलट बेचैन होतात. वापरलाच तर शेवटी ठिपका एखाद्या खऱ्या खेळण्यावर किंवा खाऊवर आणून थांबवा आणि डोळ्यांवर कधीच मारू नका.

पाच ते दहा मिनिटांचे दोन-तीन डाव रोज पुरतात. एवढ्याने काय होणार, असं वाटत असेल तर हे बघा. इंग्लंडमधल्या एक्सेटर युनिव्हर्सिटीने २०२१ मध्ये बाहेर फिरणाऱ्या मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालकांनी रोज पाच-दहा मिनिटं खेळ घेतला, तर मांजराने घरी आणलेल्या शिकारीत २५ टक्के घट झाली. म्हणजे घरातला खेळ मांजराची शिकारीची हौस खरोखर भागवतो.

दोन पथ्यं पाळा. हाताला किंवा पायाला खेळणं बनवू नका. पिल्लू असताना गोड वाटणारा चावा वर्षभराने रक्त काढतो. आणि खेळून झाल्यावर दोरीचं खेळणं कपाटात ठेवा. गिळलेली दोरी आतड्यात अडकली, तर जिवावर बेतू शकतं. साधे कागदाचे बोळे, बाटलीची मोठी झाकणं, पिंगपाँगचा चेंडू मात्र बाहेर ठेवायला हरकत नाही. सगळी खेळणी एकदम देऊ नका. चार बाहेर, चार आत आणि दर आठवड्याला अदलाबदल. परत आलेलं जुनं खेळणं मांजराला नव्यासारखं वाटतं.

२. जेवण: वाटीपुरतं ठेवू नका

दिवसभराचं खाणं मोजा आणि चार-पाच छोट्या भागांत द्या. त्यातला एखादा भाग मांजराला शोधावा लागेल असा ठेवा.

• अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये कोरड्या खाण्याचे दाणे टाका. मांजर पंजाने एकेक काढतं.
• किचन रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, दाण्यापेक्षा मोठी भोकं पाडा, टोकं दुमडा. नळी लोळली की दाणे पडतात.
• खोक्यात कागदाचे बोळे भरा आणि मधे दाणे लपवा.
• पाच-सहा दाणे खिडकीच्या कठड्यावर, थोडे खुर्चीवर, थोडे मांजराच्या फळीवर ठेवा.

सुरुवात अगदी सोपी ठेवा. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या २०२१ च्या अभ्यासात १७ मांजरांपुढे कोडं घातलेलं खाणं आणि आयतं खाणं दोन्ही ठेवलं, तेव्हा बहुतेकांनी आयतंच पसंत केलं. त्यामुळे मांजर पहिल्या दिवशी खोक्याकडे ढुंकूनही बघत नसेल, तर त्यात काही वावगं नाही. वाटी एकदम बंद करू नका, हळूहळू सवय लावा. मांजराला उपाशी ठेवून तर मुळीच शिकवू नका. एक-दोन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतावर परिणाम होऊ शकतो.

आता थोडं दुधाबद्दल. डोळे मिटून दूध पिणारं मांजर म्हणीत शोभतं, पण अनेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि पोट बिघडतं. दूध-पोळी, दूध-भात हे मांजराचं पूर्ण अन्न नाही. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. त्याला टॉरिन नावाचा घटक खाण्यातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही खराब होतात. घर शाकाहारी असेल, तर मांजरांसाठीचं तयार खाणं हा सोयीचा मार्ग आहे. त्याच्या पाकिटावर ‘कम्प्लीट’ लिहिलं आहे ना, ते बघा.

पाण्याची वाटी जेवणापासून आणि ट्रेपासून लांब ठेवा. पसरट वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवल्या की मांजर जास्त पाणी पितं.

३. जागा: घर लहान असेल तर वर जा

वन आरके असो की टू बीएचके, मांजर घर चौरस फुटांत मोजत नाही. ते उंचीही मोजतं. वरून सगळं दिसतं आणि खाली कोणी त्रास देऊ शकत नाही, म्हणून त्याला उंच जागा हवी असते.

कपाटाचा माथा रिकामा करून तिथे जुनी चादर घाला. भिंतीवर पायरीसारख्या दोन-तीन पक्क्या फळ्या ठोका. माळा असेल तर त्याचा एक कोपरा मांजराला द्या. एकच काळजी घ्या. उंच जागा फिरत्या पंख्याच्या पात्यांपासून बरीच लांब हवी. उडी चुकली तरी मांजर पंख्यापर्यंत पोचता कामा नये.

उंचीइतकीच गरज लपायच्या जागेची. त्यासाठी ऑनलाइन खरेदीतून आलेला पुठ्ठ्याचा खोका उत्तम. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त युनिव्हर्सिटीने २०१४ मध्ये निवारा केंद्रात नव्याने आलेल्या १९ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना लपायला खोका मिळाला, ती मांजरं पहिल्या काही दिवसांत बाकीच्यांपेक्षा लवकर सावरली. आपल्याकडे हे दिवाळीत कामी येतं. फटाक्यांच्या दिवसांत आतल्या खोलीत, खिडकी बंद करून, ओळखीची चादर घातलेला खोका ठेवा. मांजर आत गेलं तर त्याला ओढून बाहेर काढू नका.

४. खिडकी: मांजराचा टीव्ही

जाळी लावलेल्या खिडकीशी एक स्टूल किंवा रुंद फळी ठेवा. कबुतरं, चिमण्या, खाली चाललेली वर्दळ, पावसाचे ओघळ हे सगळं तासन्‌तास पुरतं. पक्षी बघताना मांजर दातांचा ‘कट-कट’ आवाज काढतं, तेही नेहमीचंच. दुसरं मांजर खिडकीबाहेर येऊन बसत असेल आणि आपलं चिडत असेल, तर मात्र काचेच्या खालच्या भागाला कागद लावा.

५. नखं: ओरबाडू द्या, जागा तुम्ही ठरवा

मांजर नखांची वरची जुनी साल काढण्यासाठी, अंग ताणण्यासाठी आणि पंजातला वास सोडण्यासाठी ओरबाडतं. ओरडून ते थांबत नाही. त्याला सोफ्यापेक्षा चांगली जागा द्यायची.

आपल्याकडे यासाठी स्वस्त वस्तू आहेत. काथ्याचं पायपुसणं भिंतीला किंवा लाकडी फळीला घट्ट ठोका. टेबलाच्या पायाला काथ्याची दोरी गच्च गुंडाळा. किंवा फळीवर गोणपाट ताणून बसवा. दोन गोष्टी पाळा. उंची मांजर पूर्ण उभं राहून ताणू शकेल एवढी, म्हणजे अडीच-तीन फूट हवी आणि ती हलता कामा नये. ही जागा सोफ्याच्या शेजारीच ठेवा, कोपऱ्यात लपवू नका. बरीच मांजरं झोपून उठल्या उठल्या ओरबाडतात, म्हणून झोपायच्या जागेजवळ एक असावी. नखांची टोकं दोन-तीन आठवड्यांनी कापता येतात. नखं मुळासकट काढण्याची शस्त्रक्रिया मात्र कधीच नको. तिच्यात बोटाचं शेवटचं हाडच कापलं जातं.

६. नाक आणि ट्रे: घराला मांजराचा वास राहू द्या

मांजर गाल आणि अंग घासून घरावर आपला वास लावतं. त्या वासाने त्याला घर आपलं वाटतं. म्हणून त्याच्या सगळ्या चादरी एकाच दिवशी धुऊ नका. ट्रेजवळ फिनेल, उग्र अगरबत्ती, रूम फ्रेशनर नको.

ट्रेचा नियम सोपा आहे. जितकी मांजरं, त्यापेक्षा एक ट्रे जास्त. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट असावा, सुगंधी नसलेली बारीक माती असावी, शांत पण सहज पोचता येणारी जागा असावी आणि रोज साफसफाई व्हावी. वॉशिंग मशीनशेजारी ठेवलेला ट्रे मशीन एकदा जोरात फिरलं की मांजर कायमचा सोडू शकतं.

वासाची मजाही देता येते. गव्हाचे दाणे छोट्या कुंडीत पेरा, घटस्थापनेला उगवतात तसे. आठवड्याभरात मांजराला कुरतडायला हिरवं गवत तयार होतं. कॅटनिप नावाची वाळलेली वनस्पती पेट शॉपमध्ये मिळते. तिच्या वासाने बरीच मांजरं लोळतात, घासतात आणि दहा-पंधरा मिनिटांत शांत होतात. सगळ्यांवर तिचा परिणाम होत नाही, कारण तो गुण जन्मजात असतो. लहान पिल्लांवरही होत नाही.

७. माणूस: वेळ द्या, जबरदस्ती नको

मांजर मतलबी असतं, हे आपण ऐकत आलो आहोत. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०१९ च्या अभ्यासात मात्र सुमारे ६५ टक्के मांजरं आपल्या माणसाशी भरवशाच्या नात्याने बांधलेली दिसली. अनोळखी खोलीत ती माणूस परत आला की निवांत झाली.

हे नातं मांजराच्या अटींवर वाढतं. बोट पुढे करा, त्याला हुंगू द्या. त्याने गाल घासला तर गाल, हनुवटी आणि कानामागे कुरवाळा. पोट दाखवलं म्हणजे पोटाला हात लावा असं नसतं. शेपटी आपटू लागली, कान मागे गेले, पाठीची कातडी थरथरली, की हात काढा. त्याच्याकडे बघून डोळे सावकाश मिटून उघडा. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की असं केल्यावर मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देतात आणि जवळ यायला जास्त तयार असतात.

शिकवताही येतं. खाऊचा एक दाणा हातात घेऊन ‘बस’, ‘हात दे’, ‘पिंजऱ्यात जा’ असं दिवसाला दोन-तीन मिनिटं शिकवा. पिंजऱ्यात स्वतःहून जाणारं मांजर दवाखान्याच्या दिवशी तुमचे हात वाचवतं.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक साधा दिनक्रम

• सकाळी उठल्यावर: १० मिनिटं काठी-दोरीचा खेळ, मग जेवण. ट्रे साफ.
• घरातून निघताना: अंड्याच्या ट्रेमध्ये किंवा खोक्यात थोडे दाणे. खिडकीजवळची जागा मोकळी. दोन खेळणी बाहेर.
• संध्याकाळी आल्यावर: ५ मिनिटं कुरवाळणं किंवा शिकवणं, थोडं खाणं.
• झोपण्याआधी: १० मिनिटं जोरात खेळ, मग दिवसातलं सर्वांत मोठं जेवण.

शेवटचा मुद्दा रात्रीच्या गोंधळावरचं सर्वांत चांगलं औषध आहे. आणखी एक करा. पहाटे ओरडल्यावर उठून खायला देऊ नका. एकदा दिलंत, की ओरडल्यावर जेवण मिळतं हे मांजर पक्कं लक्षात ठेवतं.

घरातले धोके

मांजर कंटाळलं की नवीन काहीतरी शोधतं, म्हणून हे आधीच उचलून ठेवा:

• सुई-दोरा, मांजा, राखीचा दोरा, रबर बँड, केसांची रबरं
• गुच्छात येणारी मोठी सुगंधी लिली. तिचे परागकण चाटले तरी मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. सायकसही विषारी आहे. मनी प्लांट आणि डिफेनबेकिया चावल्यास तोंडाची आग होते.
• पॅरासिटामॉल. माणसाची अर्धी गोळीही मांजराला मारू शकते.
• डांबरगोळ्या, फिनेल, उंदराचं विष आणि कुत्र्यांसाठीची गोचीड मारायची औषधं
• वॉशिंग मशीन. ड्रम उघडा राहिला तर मांजर आत झोपतं. सुरू करण्याआधी हात घालून बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरात कोणी गरोदर असेल तर मांजर सोडून द्यावं का?
नाही. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. तो मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो, पण विष्ठा पडल्यापासून संसर्ग होण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज आणि घरातल्या दुसऱ्या कोणीतरी साफ करावा. घरातच राहणाऱ्या, कच्चं मांस आणि शिकार न खाणाऱ्या मांजरापासून हा धोका कमी असतो. अर्धकच्चं मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांचीही तितकीच काळजी घ्यावी. आपल्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.

एकटं पडतं म्हणून दुसरं मांजर आणावं का?
पिल्लंच आणणार असाल, तर एकाच वेतातली दोन आणणं चांगलं. मोठ्या मांजराच्या घरात दुसरं आणायचं तर घाई नको. नव्याला वेगळ्या खोलीत ठेवा, दोघांच्या चादरी बदलून वासाची ओळख करून द्या, मग दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग थोडा वेळ समोरासमोर. याला काही आठवडे लागू शकतात. वाट्या, ट्रे, झोपायच्या जागा वेगवेगळ्या हव्यातच.

मांजर रात्रभर विव्हळल्यासारखं ओरडतं, तेही कंटाळ्यानेच का?
नसबंदी झालेली नसेल, तर बहुधा नाही. माजावर आलेली मांजरी आणि वयात आलेला बोका दोघंही बाहेर पडायला धडपडतात. त्यावर खेळ हा उपाय नाही. साधारण पाच-सहा महिन्यांच्या वयात नसबंदीबद्दल डॉक्टरांना विचारा. म्हाताऱ्या मांजराचं ओरडणं आजाराचं लक्षण असू शकतं.

डॉक्टरांकडे ताबडतोब कधी न्यायचं?
मांजर, त्यातही बोका, वारंवार ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो आणि लघवी होत नाही, तर त्याच क्षणी निघा. मूत्रमार्ग अडला असेल, तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. चोवीस तास काहीच न खाणं, तोंड उघडं ठेवून धाप लागणं, दोरी गिळल्याचा संशय, उंचावरून पडणं, यांतही उद्यावर ढकलू नका. दोरीचं टोक तोंडातून किंवा मागून लोंबत असेल, तर ते स्वतः ओढू नका.

मांजर सोडून देण्याआधी

‘चावतं’, ‘घाण करतं’, ‘रात्री झोपू देत नाही’ अशी कारणं सांगून पाळलेली मांजरं बाजारात, मंदिराजवळ किंवा दुसऱ्या सोसायटीच्या आवारात सोडली जातात. घरात वाढलेल्या मांजराला रस्ता, कुत्री, भूक यांतलं काहीच माहीत नसतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार, भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा गुन्हाही आहे.

आणि या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींवर उत्तर या लेखात येऊन गेलं आहे. आधी डॉक्टरांकडून आजार नाही याची खात्री करा. मग दोन वेळा खेळ, एक उंच फळी, एक खोका, एक काथ्याचं पायपुसणं आणि स्वच्छ ट्रे, एवढं तीन-चार आठवडे नेमाने करून बघा. एकाच दिवशी सगळं बदलू नका. आज फक्त एक काठी घ्या, तिला दोरी बांधा, टोकाला चिंधी लावा आणि सोफ्याआडून हळूच ओढा. मांजर कान टवकारतं की नाही, ते लगेच कळेल.